लाल खडूवाला

माझं शिवणाचं मशीन चावडीच्या अगदी समोर, ओट्यावर. त्यामुळं बोरखडीत काय चाललंय हे विचारत मला कुणाच्या दारात जावं लागत नाही, सगळं आपणहून माझ्यासमोरून जातं. मी पंचफुला, सातवी शिकलेली, स्वभावानं चौकशीखोर. पंचफुलाबाईची सुई कापडात अन् कान गावात, असं लोक म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. गावात राहून गावाची चौकशी करायची नसेल तर माणसानं सरळ जंगलात जाऊन राहावं.

त्र्याण्णव साली तरुण मंडळानं चावडीच्या भिंतीवर सिमेंटचा फळा केला. त्याला काळा रंग दिला, वर 'सूचना फलक' असं लिहिलं, आणि खाली तेलाच्या रिकाम्या डब्यात खडू ठेवले. हेतू चांगला होता. आमचं गाव आंध्रात, पण घराघरांत मराठी; आदिलाबादहून येणाऱ्या बसमध्ये मराठी पेपर एक दिवस शिळा होऊन यायचा. त्यातल्या दोन-चार बातम्या फळ्यावर उतरवायच्या, म्हणजे ज्यांच्या घरी पेपर येत नाही त्यांनाही वाचता येतील. आठवडाभर बातम्या आल्या. मग एका बातमीखाली कुणीतरी लिहिलं की हे खोटं आहे. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, खोटं म्हणणाऱ्यानं आधी आपलं नाव लिहावं. पहिल्यानं नाव लिहिलं. त्या नावाखाली तिसऱ्यानं त्याच्या बैलांचा विषय काढला, आणि बातमी राहिली बाजूला.

तेव्हापासून गावाला फळ्याचं वेड लागलं. तोंडावर बोलायला कचरणारी माणसं खडू हातात आला की वाघ व्हायची. तलमडुगुची बस काऊन येत नाही, कापसावर कोणतं औषध मारावं, पंचायतीचा दिवा कुणाच्या घरासमोर लावला आणि का, सगळं तिथंच. संध्याकाळी शेतातून आलेले बापे हातपाय धुण्याआधी फळा वाचायचे. दोघं भाऊ एका घरात जेवायचे आणि भांडायला फळ्यावर यायचे. बायका मात्र तिथं लिहीत नसत. कुणी मनाई केली नव्हती, पण चावडीत जसं बायका बसत नाहीत तसंच ते.

आणि मग लाल खडू आला.

पहिल्यांदा मीच पाहिला. फकिराच्या बैलांनी शेजारच्याची ज्वारी खाल्ली होती, आणि शेजाऱ्यानं आदल्या संध्याकाळी लिहिलं होतं की फकिरा हा गाढव आहे. सकाळी मी मशीन पुसायला बाहेर आले तर त्या ओळीवर लाल खुणा. कुठं वेलांटी बदललेली, कुठं काना दिलेला, शेवटी एक ठसठशीत पूर्णविराम. शिवी तशीच ठेवली होती, फक्त शुद्ध केली होती. मी हसून हसून तिथंच ओट्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. कुणी काहीही लिहा, सकाळपर्यंत ते दुरुस्त. लाल खडूवाला कुणाची बाजू घेत नव्हता. बसवाल्यांना शिव्या घालणाऱ्याच्याही चुका काढायचा आणि बसवाल्यांची तरफदारी करणाऱ्याच्याही. स्वतःचं मत म्हणून एक शब्द लिहायचा नाही. अक्षरही ओळखता येत नव्हतं, कारण एखादी वेलांटी, एखादा काना यात अक्षर ते काय ओळखायचं?

गावात दोन तट पडले. काहींना मौज वाटायची, ते मुद्दाम चुका पेरून ठेवायचे आणि सकाळी येऊन पाहायचे. बऱ्याच जणांना मात्र ते झोंबलं. आपण पोटतिडकीनं लिहावं आणि कुणीतरी आपल्या म्हणण्याला हो नाही की नाही नाही, नुसत्या वेलांट्या मोजाव्यात, हे कुणाला आवडेल? फकिरानं तर लिहिणंच सोडलं. मला मात्र रागही नव्हता आणि मौजही नव्हती. मला फक्त हे पाहिजे होतं की हा माणूस आहे कोण. जेवताना तेच, शिवताना तेच. एकदा या नादात मी एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

पहिला संशय शाळेतल्या मराठी मास्तरांवर. पण त्यांची पावसाळ्याआधी बदली झाली, आणि लाल खडू काही थांबला नाही. मग मी नागोरावांवर डोळा ठेवला. नागोराव म्हातारे, तहसीलमध्ये नोकरी करून आलेले, बोलताना दरखास्त, मिसल, पंचनामा याशिवाय वाक्य नाही. इतका कागदांत राहिलेला माणूस, असेल तर हाच, असं मला वाटलं. मी त्यांना माझ्या दुकानासाठी पाटी लिहून मागितली. त्यांनी चष्मा लावून, जीभ बाहेर काढून 'येथे कपडे शिवून मिळतील' एवढं लिहिलं, आणि त्यात इतक्या चुका होत्या की मलाही दिसल्या. मग त्यांनीच सांगितलं की ते शिकले निजामाच्या राज्यात, उर्दूत. मराठी नुसती बोलतात. ती पाटी मी अजून लावलेली नाही.

शेवटी मी एक दिवस पहाटेच उठून ओट्यावर बसले. चावडीच्या बाजूला पाण्याचं बोरिंग आहे. अंधार फिटायच्या आत बायकांची रांग लागते. मी तासभर बसले. फळ्याजवळ कुणीच आलं नाही, नुसत्या घागरी घेतलेल्या बायका येत-जात होत्या. उजाडलं आणि पाहते तर फळ्यावर लाल खुणा हजर. माझ्या डोळ्यादेखत झालं आणि मला दिसलं नाही. मी चरफडत घरात गेले.

या सगळ्यात ज्याचा सगळ्यात जास्त जळफळाट झाला तो सुधाकरराव ढवस. तरुण मंडळाचा अध्यक्ष, फळ्याची कल्पना त्याची, आणि फळ्यावर सगळ्यात लांबलचक लिहिणाराही तोच. माणूस मनानं चांगला. त्याची एक दुखरी जागा होती. गावात तेव्हा शाळाच नव्हती म्हणून त्याला लहानपणी आदिलाबादला तेलुगू शाळेत घातलं. तिथली पोरं त्याच्या तेलुगूला हसायची, आणि सुट्टीत गावी आला की इथली पोरं त्याच्या मराठीला हसायची. मोठेपणी त्यानं हट्टानं मराठी लिहायला घेतलं. लिहायचा रोज, पण हात तेलुगूवर घडलेला. त्याच्या मजकुरावर लाल खुणा अशा पडायच्या, जशा उन्हाळ्यात अंगावर घामोळ्या.

आणि त्याचं खरं दुखणं त्या खुणांचं नव्हतंच. ते होतं नावाचं. प्रत्येक मजकुराखाली तो सही म्हणून आपलं नाव लिहायचा, आणि त्यातलं एक अक्षर दरवेळी गिळायचा. सुधाकरराव जिथं लिहायचं तिथं तो लिहायचा सुधाकराव. लाल खडूवाला वरचा सगळा मजकूर घासूनपुसून साफ करायचा, आणि नाव सोडून द्यायचा. एकदा नाही, दोनदा नाही, दरवेळी. दुसऱ्या कुणाच्या मजकुरात त्याचा उल्लेख आला आणि तिथं नाव चुकलं, तरी तेही तसंच. आधी त्याच्या ध्यानात आलं नाही. एक दिवस कुणीतरी हसत दाखवलं, आणि तो तिथंच फळ्यासमोर लाल झाला.

"मुद्दाम ठेवून राह्यला तो," सुधाकरराव सगळ्यांसमोर म्हणाला. "बाकी सारं सुधारते अन् माह्यं नाव वाकडंच ठेवते. म्हंजे गावानं वाचावं अन् हसावं, का ह्याले सोताचं नावबी लिहिता येत नाई. सापडू द्या मले, भर चावडीत उभा करतो त्याले."

मला त्याचं वाईट वाटलं. बाकीच्या चुकांची त्याला सवय होती, लहानपणापासून. पण नाव म्हणजे नाव. त्यावर कुणी बोट ठेवून हसत असेल तर माणसानं जायचं कुठं?

त्याच सुमाराला शाळेचा प्रश्न उभा राहिला. मराठी मास्तर गेले त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. पोरं रोज जायची, खिचडीसारखी एका खोलीत बसायची आणि दुपारी घरी यायची. माझी शेवंता तिसरीत होती. वर्षभरात शिकलेलं ती तीन महिन्यांत विसरली. मंडळाचे, म्हणजे इकडच्या तालुक्याचे, शिक्षण अधिकारी आले, तेलुगू माणूस, वागायला नीट. त्यांनी हिंदीत समजावून सांगितलं की मराठी मास्तर कधी येईल ते त्यांच्या हातात नाही. गावानं दहावी शिकलेला, मराठी चांगली लिहिता-वाचता येणारा माणूस दिला तर ते त्याला मानधनावर ठेवून घेतील आणि मराठी वर्ग चालू राहील. नाही तर दसऱ्यानंतर सगळी पोरं शेजारच्या तेलुगू वर्गात बसवावी लागतील.

तेलुगू वाईट आहे असं नाही. बाजारात, कचेरीत तीच लागते, आम्ही सगळे मोडकीतोडकी बोलतोच. पण ज्या पोरीला अजून तिचीच भाषा धड वाचता येत नाही तिला एकदम दुसऱ्या भाषेत बसवलं तर ती एक दिवस जाईल, दोन दिवस जाईल, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ बसून काजं करायला लागेल. आधी अशा दोघीतिघी घरी बसल्या होत्या. शेवंताचं तेच होणार हे मला दिसत होतं.

सुधाकरराव हे मनावर घेऊन हिंडला. त्याची जी गत झाली ती गावच्या पोरांची होऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. पण माणूस मिळेना. दहावी झालेले दोन पोरगे होते, ते आदिलाबादला कापसाच्या जिनिंगमध्ये लागलेले, ते कशाला येतात? त्यानं फळ्यावर मोठं निवेदन लिहिलं, गावकऱ्यांनो विचार करा म्हणून. सकाळी ते लाल खुणांनी भरलेलं होतं, आणि खाली सही तशीच.

मी त्याला म्हटलं, "सुधाकरभाऊ, हा लाल खडूवालाच काऊन नाई? एवढी मराठी येते त्याले. तोच शिकवंल पोट्ट्याइले."

तो म्हणाला, त्या माणसाचे पाय धरण्यापेक्षा वर्ग बंद झालेला परवडला. मग थोडं थांबून म्हणाला की असं नाही, पण ज्याला माणसाची थट्टा करण्यात मजा येते तो पोरांना काय शिकवणार. आता मी त्या खडूवाल्याला नुसत्या चौकशीपायी शोधत नव्हते. मला तो शेवंतासाठी पाहिजे होता.

तो मला सापडला एका दुपारी, जागेवरून न उठता. शिवायला आलेल्या प्रत्येक गाठोड्याला मी नावाची चिठ्ठी टाचते, म्हणजे घोटाळा होत नाही. त्या दिवशी आमच्या घरच्यांचा सदरा आला होता, कॉलर उलटवायला. ते ट्रकवर असतात, शनिवारी येतात. मी सवयीनं चिठ्ठी टाचली, आणि सवयीनंच ती कोरी ठेवली. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं तर चालतं, एरवी नाही. माझी सासू लिहायचंही नाही म्हणायची, आणि ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा हात काही धजत नाही. खरं सांगायचं तर माझा त्यावर पुरता विश्वासही नाही. पण उगाच परीक्षा कशाला बघा?

कोरी चिठ्ठी टाचून मी मान वर केली तर समोर फळा. वरपासून खालपर्यंत सगळं दुरुस्त केलेलं, आणि खाली एक नाव, हात न लावलेलं.

अख्ख्या गावात असा एकच हात होता जो बाकी सगळं लिहील आणि नेमका त्या नावापाशी थांबेल. पहाटेच्या त्या बायका मला आठवल्या, आणि मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. फळ्याजवळ कुणीच आलं नाही म्हणत होते मी. बायका म्हणजे कुणीच नाही, हे मी एक बाई असून ठरवून टाकलं होतं.

रेणुका, सुधाकररावाची बायको. वणीकडची पोरगी, लग्न होऊन पाच-सहा वर्षं झालेली. बोलणं कमी, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. माझ्याकडं ब्लाऊज शिवायला यायची तेव्हा माप देऊन झालं की चिंध्या गुंडाळलेले पेपरचे तुकडे सरळ करून वाचत बसायची. तेव्हा मला वाटायचं, वेळ घालवतेय.

मी तिला निरोप धाडला की ब्लाऊजचं माप पुन्हा घ्यायचंय. ती आली. मी मशीन थांबवलं आणि सरळ विचारलं, लाल खडू कुठून आणते. नाही म्हणून पाहिलं तिनं, पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते जमत नाही. मास्तर लाल खडूचे उरलेले तुकडे शाळेच्या ओट्यावर टाकायचे, आणि जाताना तर अख्खी डबीच टाकून गेले, असं तिनं सांगितलं. घागर भरेपर्यंत बाकीच्या बायका आपापसांत बोलत असतात, तेवढ्यात ती उरकायची. एका ओळीला कितीसा वेळ लागतो.

ती दहावी झाली होती, मराठीत शाळेत पहिली. पुढं मास्तरीण व्हायचं होतं, पण स्थळ आलं; तेव्हा शिक्षण कुणी विचारलं नाही, मग तिनंही सासरी कधी सांगितलं नाही. इथं सासरी पुस्तक म्हणून काही नव्हतं, पंचांग आणि पोथी सोडून. मग तो फळा झाला. रोज नवं वाचायला मिळायला लागलं.

"मंग लोकायच्या चुका कायले काढते?" मी विचारलं. "वाचून घरी जावं."

मान खाली घालून ती जे म्हणाली ते मी कधी विसरणार नाही.

"मी बी वाचलं, हे कोणाले सांगू? तिथं बाईनं मत लिहिलं तं बोभाटा होईल. वेलांटी लिहिली तं वेलांटीच राह्यते."

मला तिचा राग येत होता, कारण तिनं मला वर्षभर झुलवलं होतं, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. मी तिला नवऱ्याच्या नावाचं विचारलं. तिनं दोन्ही हात जोडले. ते कसं लिहिणार, आणि तेही लाल खडूनं, असं म्हणाली. ते चिडले आहेत हे तिला ठाऊक होतं, घरी रोज ऐकत होती. पण सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ज्या माणसाला आयुष्यभर लोक हसले त्याला बायकोनंही वर्षभर चुका दाखवल्या, हे कळलं तर तो पुन्हा खडू हातात धरणार नाही, ही तिची भीती होती. मार नाही, बोलणं नाही, तो लिहायचं सोडील याची भीती.

मी म्हटलं, खडूचं राहू दे, पण पोरांचं काय. तू दहावी आहेस एवढंच सांग की घरी. खडूचं नाव कशाला काढायचं? तिला ते पटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सुधाकरराव स्वतः माझ्या ओट्यावर आला, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. सगळ्या गावात शोधलं आणि माणूस घरातच निघालं, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. मी तोंडात दोरा धरून गप्प बसले.

ठरलेल्या दिवशी अधिकारी आले. शाळेची खोली तेवढ्या माणसांना पुरणार नव्हती म्हणून चावडीपुढंच जमले सगळे. पोरं पुढं, बापे मागं, बायका माझ्या ओट्यावर. फळ्याचा वरचा अर्धा भाग सुधाकररावाच्या निवेदनानं भरला होता. ते त्यानं आदल्या दिवशी पुन्हा लिहिलं होतं, आणि सकाळी त्यावर पुन्हा लाल खुणा उमटल्या होत्या. मला बाईचं नवल वाटलं. आजच्या दिवशी तरी हात आवरायचा होता.

अधिकाऱ्यांनी रेणुकाचे दहावीचे कागद पाहिले, बरं म्हणाले. मग फळ्याकडं बोट करून म्हणाले की आपलं पूरा नाव आणि गाव लिहा, आणि त्याखाली मुलांना काय शिकवाल ते चार ओळींत. रेणुका पुढं गेली. पांढरा खडू घेतला. तिचं अक्षर सुरेख निघालं, सुबक, सरळ रेषेत. 'सौ. रेणुका' असं तिनं लिहिलं. मग हात उचलला, वीतभर जागा सोडली, आणि पुढं लिहिलं, 'ढवस'. त्याखाली गावाचं नाव. मग चार ओळी, न अडखळता.

अधिकारी म्हणाले, पूरा नाव. बीच का नाम कहाँ है? रेणुका मान खाली घालून उभी राहिली. अधिकाऱ्यांना वाटलं ती घाबरली. ते म्हणाले की घाबरू नका, नवऱ्याचं नाव लिहायचं असतं मधे.

एरवी अशा वेळी कुणीतरी पुढं होऊन नाव सांगतं. त्या दिवशी कुणी बोललं नाही. कारण त्या रिकाम्या जागेच्या बरोबर वर सुधाकररावाची सही होती, चुकलेली, न सुधारलेली, आणि तिच्या भोवती सगळ्या लाल खुणा. वरचं नाव आणि खालची मोकळी जागा एकाखाली एक. माझ्या शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला. मागं कुणीतरी हळूच 'अरे बाप्पा' म्हणालं. बघता बघता सगळ्यांना कळलं.

सुधाकररावाला सगळ्यात शेवटी कळलं. तो अधिकाऱ्यांच्या बाजूला उभा होता. त्यानं खालची जागा पाहिली, मग वरची सही पाहिली, पुन्हा खाली पाहिलं. वर्षभर याच चावडीत त्यानं सगळ्यांसमोर शपथा घेतल्या होत्या. आता तो निघून गेला असता तर तीही त्याच्या मागं गेली असती, आणि शेवंता दसऱ्यानंतर माझ्याजवळ काजं करत बसली असती. रेणुकानं खडू डब्यात ठेवला आणि पदर सावरून वाट मोकळी केली, जणू तीच आता निघणार.

तो फळ्यापाशी गेला. डब्यातून तोच खडू उचलला. त्या रिकाम्या जागेत, तिच्या दोन शब्दांच्या मधे, त्यानं आपलं नाव लिहिलं, सावकाश, जसं नेहमी लिहायचा तसंच. कुणी हसलं नाही. मग तो तिच्याकडं वळला.

"मले वाटलं, कोणी माह्यी थट्टा करून राह्यलं," तो म्हणाला. आवाज एवढा हळू होता की मागच्यांना ऐकू गेला नसेल. "थट्टा नव्हती ना?"

रेणुकानं मान हलवली. नाही.

त्यानं फळ्यावरच्या नावाकडं खडू रोखला आणि आता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सांग मंग. बरोबर हाय का हे?"

एवढ्या बाप्यांसमोर, सासऱ्याच्या वयाच्या माणसांसमोर, बाईनं नवऱ्याला काय सांगायचं? ती माझ्याकडं बघायला लागली. मी काही केलं नाही. मग ती एक पाऊल पुढं झाली आणि बोट उचललं, नावाला न लागेल असं, जरा दूर धरून.

"इथं एक अक्षर राह्यलं," ती म्हणाली.

त्यानं तळहातानं अर्धं नाव पुसलं आणि पुन्हा लिहिलं. लिहिताना थांबला, तिच्याकडं पाहिलं, तिनं होकाराची मान डोलावली, तो पुढं लिहीत गेला. पूर्ण झालं तेव्हा त्याच्या बोटांना आणि गालालाही खडू लागला होता.

"आता?"

"आता बरोबर हाय," रेणुका म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर नीट करून पोरांकडं वळली.